देवळामागच्या खोलीतील गायन वर्ग : अडीच वर्षांनंतरचा अभिप्राय

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात, विठ्ठल मंदिराच्या मागच्या अंगाला जी लांबट पत्र्याची खोली आहे, तेथे शास्त्रीय गायनाचा वर्ग चालतो. पूर्वी या खोलीत सप्ताहाची भांडी, सतरंज्या आणि दिंडीच्या पताका ठेवलेल्या असत. आजही एका कोपऱ्यात मोठी पातेली उपडी घातलेली आहेत, आणि चार-पाच जणींनी मिळून खर्जातला स्वर लावला की त्यांतले एक पातेले बारीकसे घुमू लागते. मी या वर्गात जुलै 2023 पासून शिकते आहे. अनेक बायका मला या वर्गाविषयी विचारतात, विशेषतः अशा, की ज्यांचे गाणे शिकण्याचे वय उलटून गेले असे त्यांच्या घरच्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे. त्यांच्यासाठी हा अभिप्राय सविस्तर लिहिते आहे.

प्रवेश घेतला तेव्हा मी 34 वर्षांची होते. अमळनेरला बी.ए. झाल्यावर पुढे शिकायचे की नाही हे ठरण्याआधीच आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. दोन्ही बहिणी सासरी, भाऊ नोकरीनिमित्त पुण्याला, तेव्हा आईजवळ मी राहायचे हे कोणी बोलून न दाखवताच ठरले. माझ्या लग्नाची बोलणी तीनदा झाली आणि तीनदा फिसकटली. त्यानंतर घरात तो विषय कोणी काढला नाही, परंतु मी मोठी झाले आहे हेही कोणाच्या ध्यानात आले नाही. बाजाराला जायचे तर शेजारच्या काकूंबरोबर, बँकेत जायचे तर अण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, बहिणीकडे जायचे तर भाऊ सुटीला येईल तेव्हा. दिवसभरात माझे बोलणे 'हो', 'आणते', 'झालं' एवढ्यातच संपत असे, आणि तेही हलक्या आवाजात, कारण आईला नुकतीच झोप लागलेली असायची. अण्णा वाईट नाहीत. रात्री-अपरात्री आईला कुशीवर वळवायला तेच उठतात. परंतु त्यांच्या घरात आवाज एकट्या त्यांचाच होता. हे सर्व येथे सांगण्याचे कारण एवढेच की, वर्गाची पारख मी कोणत्या गरजेतून करते आहे ते वाचणाऱ्याला कळावे.

गाणे मला नवीन नव्हते. खानदेशात मुलीच्या कानावर गाणे पाळण्यापासूनच पडते. लहानपणी भाद्रपदात गुलाबाई बसली की आम्ही घरोघर गाणी म्हणत हिंडत असू. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येते, तेव्हा गल्लीत रात्रभर जागर चालतो. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणायची गौराईची गाणी तर प्रत्येकीला तोंडपाठ असतात. या सगळ्या गाण्यांत मी होते, पण घोळक्यात होते. एकीने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी धरायची, अशी आपली रीत आहे, आणि मी नेहमी धरणाऱ्यांत असे. आखाजी हा सासुरवाशिणींनी माहेरी येण्याचा सण. मी माहेर सोडलेच नव्हते, त्यामुळे मला आणायला कोणी जाण्याचा प्रश्न नव्हता. झोका बांधून घ्यायचा, सांजोऱ्या तळायच्या, घागरीवर ठेवायला डांगर आणायचे, आणि बहिणी झोक्यावर बसल्या की आईचे अंथरूण बदलायला आत जायचे, एवढी माझी आखाजी. आमच्या घरी कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजतात. ते गहू मी वर्षानुवर्षे निवडले. माझ्या नावाची मूठ त्यांत नसते हे मला वर्गात जाऊ लागल्यानंतर खुपू लागले.

वर्गात माझे पाऊल पडले ते पातेल्यांमुळे. आषाढीच्या सप्ताहानंतर आमच्या गल्लीने घासलेली पातेली परत ठेवायला मी त्या खोलीत गेले, तेव्हा बाई सात-आठ मुलांना घेऊन बसल्या होत्या. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत आणि संगीत विशारद आहेत. त्यांनी मला पाणी दिले, बस म्हणाल्या, आणि मुलांचा पाठ संपल्यावर कसलीही प्रस्तावना न करता पेटीवर पांढरी चार, म्हणजे चौथी पांढरी पट्टी, धरून मला 'सा' लावायला सांगितले. मी लावला. त्यांनी होकारार्थी मान हलवली. पुढचे दोन आठवडे मी त्याच पट्टीत, म्हणजे तोच स्वर 'सा' धरून, गात राहिले, आणि माझी पट्टी तीच आहे असे मला वाटत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी जे केले त्यासाठी मी या वर्गाला इतर कोणत्याही वर्गापेक्षा वरचे स्थान देईन. त्यांनी मला बाहेर पारावर नेऊन उभे केले आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही मोठ्याने हाक मारायला सांगितली. मला ते जमेना. दोन माणसे गेली, एक बैलगाडी गेली. शेवटी शेळ्या घेऊन चाललेल्या एका मुलाला मी हाक मारली, तशी त्या मुलाबरोबर शेळ्यांनीही वळून पाहिले. बाई लगबगीने आत गेल्या, ती हाक कानात होती तोवर पेटीवर एकेक स्वर दाबून पाहिला, मला एकेक पट्टी वर चढवत नेले, आणि शेवटी एका काळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या, "तुझी पट्टी काळी चार आहे. इतके दिवस तू तीन पट्ट्या खाली लपून गात होतीस."

पेटीची माहिती नसलेल्यांसाठी सांगते. पांढरी चारवरून काळी तीन, मग पांढरी पाच आणि मग काळी चार, असे हे तीन पट्ट्यांचे अंतर आहे. ऐकायला थोडे वाटते. परंतु खालच्या पट्टीत गाणाऱ्या बाईचा आवाज घराच्या भिंतीबाहेर जात नाही, आणि काळी चारमध्ये वरचा 'सा' लावला की तो देवळाच्या सभामंडपात ऐकू जातो. पहिले कित्येक दिवस वरच्या 'सा'ला माझा गळा आपोआप आवळला जाई. बाई म्हणत, तुझ्या गळ्यात काही दोष नाही, तू स्वर लागण्याआधीच दाराकडे बघतेस. त्यांनी माझी बसण्याची जागा बदलली आणि मला दाराकडे पाठ करून बसवले. "बेंबीच्या देठापासून येऊ दे," एवढेच त्या म्हणत आणि तंबोरा छेडत राहत.

शिकवण्याच्या पद्धतीविषयी लिहायचे तर ती संथ आहे, आणि ज्यांना महिन्याभरात एखादे नाट्यपद किंवा भावगीत म्हणून दाखवायचे असेल त्यांनी येथे येऊ नये. पहिले तीन महिने राग नाही. 'सा' एका श्वासात किती वेळ स्थिर राहतो ते पाहायचे, मग आकार, म्हणजे 'आ' म्हणत स्वर लावणे, मग अलंकार, म्हणजे 'सारेग, रेगम, गमप' अशा पलट्यांच्या पायऱ्या, आधी सावकाश आणि मग दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत. माझ्याबरोबर आलेल्या दोघी याच काळात कंटाळून सोडून गेल्या, आणि मी त्यांना दोष देत नाही. ताल हातावर शिकवतात. त्रितालाच्या सोळा मात्रा, पहिलीवर सम, नववीला खाली. तो अंगात मुरावा म्हणून काम करताना मोजत राहा, असे बाई सांगतात. मी भाकरी थापताना मोजत असे. ज्वारीची भाकरी सोळा थापांत परातभर होते आणि सोळाव्या थापेनंतर उचलून तव्यावर टाकली की ती बरोबर समेवर पडते, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नसते.

पहिला राग भूप. त्यात मध्यम आणि निषाद नसतात. बाई हे आधी सांगत नाहीत. त्या आरोह-अवरोह म्हणून घेतात आणि मग विचारतात, यात कोण आलेले नाही? त्यानंतर दुर्गा, ज्यात गंधार आणि निषाद वर्ज्य. पाच-पाच स्वरांचे दोन राग. एकात 'ग' आहे पण 'म' नाही, दुसऱ्यात 'म' आहे पण 'ग' नाही, आणि एवढ्या एका बदलाने सगळा चेहराच वेगळा होतो. हा फरक माझ्या मनात ठसला तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी मी कोणी विचारण्याआधीच बोलले होते.

बाईंचा स्वतःचा मिरजेचा तंबोरा आहे, आणि तो शिकणाऱ्यांना हाताळू देण्यात त्या कंजूषी करत नाहीत. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, चौथी खर्जाची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखाली एक बारीक दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवत गेले की एका ठिकाणी तार उघडते. तोपर्यंत ती ठक्क असा कोरडा आवाज देत असते आणि त्या एका जागी दोरा आला की भुंग्यासारखी गुंजू लागते. याला जवारी लागणे म्हणतात. माझ्या बोटांना पिको-फॉलच्या कामामुळे दोऱ्याची सवय होती, म्हणून हे काम बाईंनी लवकरच माझ्याकडे सोपवले. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी पावणेचार वाजता, खोलीत कोणी नसताना तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर घेऊन मी जवारी लावत बसे. त्या पंधरा मिनिटांत मी कोणाची मुलगी नसे आणि कोणाची बहीणही नसे. असा वेळ मला त्यापूर्वी माझ्या आठवणीत मिळालेला नाही.

वर्गाचे शुल्क महिना 500 रुपये आहे. मी ते पिको-फॉलच्या पैशांतून दिले. पूर्वी ते पैसे डाळीच्या डब्यात जात आणि घरखर्चात मिसळून जात.

घरच्यांना मी पहिले काही आठवडे 'देवळात जाते' एवढेच सांगितले होते, आणि खोली देवळाचीच असल्याने ते खोटेही नव्हते. मग पारावर कोणीतरी अण्णांना सांगितले. त्या संध्याकाळी जेवताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरले आते गानं कसाले जोयजे? लोके काय म्हनतीन?" मी उत्तर दिले नाही. परंतु पुढच्या मंगळवारी पावणेचारला चप्पल घातली आणि ओट्यावर बसलेल्या अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वर्गाला जाते. साडेपाचला येते." यापूर्वी मी नेहमी 'जाऊ का' असे विचारत असे. आतून आईने, तिला जेवढे बोलता येते तेवढ्यात, "जाय" म्हटले. अण्णा पुढचे दहा-अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दिवस सोपे नव्हते, आणि त्यांतील दोन दिवस मी वर्गाला गेले नाही हे मान्य करते.

या प्रसंगात बाई कशा वागल्या ते मुद्दाम नोंदवते. एखादे मूल आले नाही तर त्या त्याच्या आईवडिलांना फोन करतात. मी आले नाही तेव्हा त्यांनी अण्णांना फोन केला नाही, घरी येऊन रदबदलीही केली नाही. मी परत आल्यावर त्यांनी मलाच विचारले, "दोन पाठ बुडाले. कधी भरून काढतेस?" माझ्या हजेरीचा जाब मला विचारणारी ती पहिली व्यक्ती होती. मोठ्या वयाच्या शिष्येला मोठी समजणे ही गोष्ट कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते, पण बायकांनी वर्ग निवडताना ती आधी पाहावी.

आता उणिवा. मुले आणि मोठ्या बायका यांची तुकडी एकच होती, त्यामुळे सुरुवातीला मी नऊ-दहा वर्षांच्या मुलांमध्ये बसत असे आणि त्यांना जे पटकन जमे ते मला जमत नसे, याची लाज वाटे. तबल्याची प्रत्यक्ष साथ फक्त रविवारी मिळते. मंगळवारी आणि गुरुवारी तालयंत्रावर भागवावे लागते आणि वीज गेली की तेही बंद पडते. खोलीला पत्रे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा दुपारी चारला तेथे बसणे हा त्रास आहे, आणि वेळ सकाळची करावी ही आमची मागणी दोन उन्हाळे तशीच राहिली. शुल्काची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. परीक्षेचे अर्ज भरण्याची तारीख आम्हाला इतकी उशिरा कळली की माझे पहिले सत्र हुकले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. त्यामुळे एक तारीख चुकली की सहा महिने जातात. ज्या मुलीला घरातून 'पुढच्या वेळी बघू' हेच ऐकायची सवय आहे, तिच्या बाबतीत असा विलंब परवडणारा नसतो. ही चूक वर्गाची होती आणि ती मी बाईंना तेव्हाच सांगितली.

सगळ्यांत मोठा मतभेद भाषेवरून झाला. बाईंचा आग्रह शुद्ध उच्चारांचा, आणि तो बंदिशीपुरता मला पूर्ण मान्य आहे. परंतु एकदा आखाजीच्या आधी मी गौराईचे एक गाणे गुणगुणत होते, तर त्यांनी त्यातले अहिराणी शब्द दुरुस्त करायला घेतले. 'घरमा'चे 'घरात' केले आणि 'मन्ही'चे 'माझी' केले. मात्रा तर मोडल्याच, पण मला ते आईचे तोंड धरल्यासारखे वाटले. मी त्यांना म्हणाले की हे गाणे अशुद्ध मराठी नाही, ही आमची अहिराणी आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्या तोंडची गाणी त्यांच्या मुलाने आणि एका नातलगाने जशीच्या तशी टिपून ठेवली, आणि 1952 साली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी, ती छापली गेली. त्यांची बोली आमच्या अहिराणीहून वेगळी, पण टिपणाऱ्याने तेव्हा शब्द दुरुस्त केले असते तर आज आपल्या हाती काय राहिले असते? मी एवढे सलग बोलले याचे मलाच नवल वाटले. बाई काही वेळ गप्प राहिल्या, मग वही पुढे ओढून म्हणाल्या, "सांग, पुन्हा म्हण." त्यांनी त्या गाण्याचे स्वरलेखन केले, आणि त्यातली दोन कडवी मला येत नव्हती ती आणायला मला घरी पाठवले. ती आईने सांगितली. शब्द तिला नीट उच्चारता येत नव्हते, म्हणून मी एकेक शब्द म्हणून पाही आणि चुकला की ती डावा हात हलवून नकार देई. एका कडव्याला दीड तास लागला. आता दर वर्षी आखाजीच्या आधी वर्गात दोन आठवडे ही गाणी घेतली जातात. हा बदल मनापासून केलेला आहे आणि त्यासाठी बाईंचा मोठेपणा मानला पाहिजे.

त्या वर्षीच्या कार्तिकी एकादशीला मी देवळात पहिल्यांदा एकटीने अभंग म्हटला. पेटी वाजवणारे भजनी मंडळाचे गृहस्थ सवयीप्रमाणे त्यांच्या पट्टीत सुरू झाले. बायकांनी पुरुषांच्याच पट्टीत म्हणायचे, खाली उतरले तर घोगरे आणि वर गेले तर किंचाळून, अशीच गावाची सवय आहे. मी हात वर करून त्यांना थांबवले आणि म्हणाले, "काका, काळी चार द्या." सभामंडपात थोडी कुजबुज झाली. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि पट्टी दिली. अण्णा खांबाला टेकून बसले होते. अभंग संपेपर्यंत ते बसून राहिले आणि प्रसादाआधी निघून गेले. घरी आल्यावर त्याविषयी एक शब्दही झाला नाही, आजतागायत झालेला नाही. मात्र त्या आठवड्यापासून मंगळवारी आणि गुरुवारी आईचे चार वाजताचे औषध ते स्वतः देऊ लागले.

परीक्षेविषयी थोडे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, तेव्हा गाणे हे गुरूच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळून मिळवायची विद्या होती. ठरलेले पाठ, ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलेखन आणि परीक्षा ही पद्धत त्यांनी रुजवली. परीक्षांनी गाण्याचे नुकसान केले असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि संगीताच्या दृष्टीने त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेलही. परंतु माझ्यासारखीला परीक्षेने असे काही दिले जे मैफलीने दिले नसते. माझ्या नावाचा अर्ज, माझी सही, माझे छायाचित्र, आणि एका ठरलेल्या दिवशी जळगावला हजर राहणे मला भाग आहे असे सांगणारा कागद. त्या कागदापुढे 'कोणाबरोबर जाणार' हा प्रश्न घरात टिकला नाही.

प्रारंभिकच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या, परीक्षेला मी एकटी गेले. गावातून अमळनेर आणि तेथून जळगाव, दोन्ही बसमध्ये वाहकाने न विचारता अर्धे तिकीट फाडले. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे, तरी सवलत लागू होऊन वर्ष उलटल्यावर मी ती पहिल्यांदा वापरत होते, कारण तोवर एकटीने कोठे गेलेच नव्हते. प्रारंभिकला लेखी परीक्षा नसते, गाऊन दाखवायचे आणि विचारलेले सांगायचे. परीक्षकांनी भूप ऐकला, दुर्गा ऐकला, झपतालाच्या दहा मात्रा हातावर दाखवायला सांगितल्या. मी पट्टी सांगितली तेव्हा त्यांनी पेटीवाल्याकडे बघून ती नुसती पुन्हा उच्चारली. परतीच्या बसला दोन तास होते. मी बसस्थानकाजवळच्या एका खाणावळीत एकटी बसून शेवभाजी आणि दोन पोळ्या खाल्ल्या, स्वतः पैसे दिले, आणि सुटे परत घेऊन मोजले. निकाल उत्तीर्ण आला, त्याचा आनंद झालाच, पण त्या दिवसातले मला आजही नेमके आठवते ते ते सुटे पैसे.

त्यानंतर मुलांची तुकडी वेगळी काढावी ही आमची मागणी बाईंनी मान्य केली आणि शनिवारची ती तुकडी माझ्याकडे दिली. सध्या 14 मुले आहेत. त्याचे मला महिना 2000 रुपये मानधन मिळते. बँकेत माझ्या एकटीच्या नावाचे खाते आहे, आणि ते उघडायला मी एकटी गेले होते. शेजारच्या दोन गावांच्या सप्ताहांत हरिपाठाला बोलावणे आले. एका ठिकाणी रात्री उशीर झाला तर तेथेच एका काकूंकडे राहिले आणि सकाळी आले. मी अजूनही अण्णांच्याच घरात राहते, आईचे सर्व करते, ते मला करायचेच आहे. वेगळे बिऱ्हाड केले म्हणजेच बाई स्वतंत्र झाली, असे मला वाटत नाही. आमच्या घरात आता दोघांचे आवाज ऐकू येतात, आणि कधी कधी ते एकमेकांवर चढतातही.

वर्ग कोणासाठी योग्य आहे ते सांगते. ज्यांना पाया पक्का करायचा आहे, सावकाशीची तयारी आहे, आणि विशेषतः ज्यांना आपला आवाज मुळात कसा आहे हेच माहीत नाही, त्यांनी जरूर यावे. ज्यांना रोज तबल्याची साथ हवी, किंवा विशारदपर्यंतची तयारी झपाट्याने करायची आहे, त्यांना अमळनेर किंवा जळगावचा वर्ग अधिक सोयीचा पडेल. मोबाइलमधला तंबोरा घरी रियाजाला पुरतो, पेटी लगेच घेण्याची गरज नाही. पहाटेचा खर्जाचा रियाज घरी शक्य नसेल तर बाई खोली उघडून देतात, तसे आधी सांगावे लागते. पाण्याची बाटली आणि शंभर पानी वही सोबत असू द्यावी. शुल्काची पावती मागून घ्यावी, परीक्षेच्या तारखा स्वतः विचाराव्यात.

मोठ्या बायकांची तुकडी मंगळवार, गुरुवार आणि रविवारी दुपारी चार ते साडेपाच असते. ज्यांना आधी नुसते ऐकून पाहायचे असेल त्यांनी शनिवारी सकाळी साडेआठनंतर यावे, त्या दिवशी खोलीची किल्ली माझ्याकडे असते. खिडकीशी उभे राहू नये, सरळ आत यावे.